सहाव्या गाण्यातलं गाऱ्हाणं

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

वारूळवाडी, ता. जुन्नर
१४ नोव्हेंबर २००२

गोकुळ,

तुझं पार्सल भाऊबीज उलटून आठ दिवसांनी पोचलं. तुझी आजवर चार पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तरी पत्ता तू अचूक लिहिलास, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट. खोका जपून उघडला. कागद चांगला जाड आहे, हर्षालीच्या वह्यांना कव्हरं होतील.

आत एक चकती निघाली आणि एक कॅसेट. चकती लावायचं यंत्र आमच्याकडे नाही हे तुला कसं सुचलं कोण जाणे, पण कॅसेट घातलीस ते बरं केलंस. नाव 'घोडकाठ', आपल्या घोड नदीवरून. वर फोटो आपल्या जुन्या देवळाच्या शिखराचा, भोवती धरणाचं पाणी. शिखर एवढं उघडं पडतं ते फक्त वैशाखात, पाणी ओसरल्यावर. मग हा फोटो तू कधी काढलास? म्हणजे लंडनहून डिंभ्यापर्यंत आलास, काठावर उभा राहिलास आणि वर वसाहतीत आबांच्या घरी न येता परत गेलास. याचं काय म्हणायचं ते मला सुचत नाही, म्हणून पुढचं लिहिते.

हर्षालीने टेप लावला. ती आता बारावीला आहे. तू गेलास तेव्हा परकर घालून फिरायची. पहिल्यांदा घंटा वाजली आणि मी भाकरीच्या पिठाचे हात तसेच जोडले. जुन्या देवळातली आपली घंटा. तुला ठाऊक नसेल, गाव हलवलं त्या दिवशी ती ट्रॅक्टरवरून पडून चिरली. नव्या देवळात दुसरी आहे, ती पितळेच्या तांब्यासारखी वाजते. त्या आवाजाने जीव भरून आला, तोच खालून धप धप धप सुरू झालं. आमचे हे अंगणातून म्हणाले, "डिझेल इंजिनावर गाणं बशिवलंय का मेव्हण्यांनी? पाणी कुणाच्या शेतात चाललंय?" हर्षाली हसून लोळली. या प्रकाराला हाऊस म्हणतात आणि ते बसून ऐकायचं नसतं, नाचायचं असतं, असं तिने मला समजावलं.

खरं सांगायचं तर मला सगळं एका ताटात कालवल्यासारखं वाटलं. एका गाण्यात मंचरच्या स्टँडवरची ओरड, एकात नारायणगावच्या फडातली ढोलकी आणि तिच्याशेजारी कसला तरी इंग्रजी कर्णा, एकात आपल्या बायकांचं भात आवणीचं, रोपं लावतानाचं गाणं आणि त्याला उत्तर देणारी कोणी परदेशी बाई. ती बाई मात्र जीव ओतून गाते. कोण आहे?

आता तुझ्या पत्रातल्या मुद्द्याचं. सहावं गाणं आबांना ऐकव, ते नको म्हणाले तर कंपनी पुढच्या खेपेला जे छापेल त्यातून काढून टाकतो, असं तू लिहिलंस. एप्रिलपर्यंत कळव म्हणालास. गोकुळ, आबांना आता ऐकू येत नाही. त्यामुळे विचारता येणार नाही. तुझ्या मनाने काय ते ठरव.

पण माझं मत विचारशील तर ते गाणं नको. देव जुन्या जागेवरून उठवताना मानाच्या घरातला कर्ता माणूस जे गाऱ्हाणं घालतो, ते त्याचं आणि देवाचं असतं. म्हणून तर सगळा गाव पाठ फिरवून उभा राहतो. त्या दिवशी आपण सगळे तसे उभे होतो, लेकुरवाळ्या बायकासुद्धा. आणि तू पिशवीत टेपरेकॉर्डर चालू ठेवून उभा होतास. आबा देवापुढे रडले, ते आता तुझ्याकडची माणसं नाचताना ऐकतात. देवळाचं सगळं बघणाऱ्या सावळेरामकाकांना त्या दिवशी कसं कळलं कोण जाणे, पण कळलं आणि पुढचं सगळं झालं. तू कॅसेट देऊन गावाची माफी मागितली असतीस तर आबांना ते शब्द बोलावे लागले नसते.

असो. थंडीचं जपून राहा.

तुझी आक्का
प्रयाग


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

वारूळवाडी
२० डिसेंबर २००२

गोकुळ,

तुझं उत्तर पोचलं. त्यात तू एकदाही रागावला नाहीस, म्हणून मला हे लिहावं लागतंय. आबांच्या कानांचं मी खोटं लिहिलं. त्यांचे कान शाबूत आहेत. ओट्यावर हिरडा निवडत बसलेले असतात आणि खालच्या वळणावर एसटीने गिअर बदलला की सांगतात, आज गाडी आली. डोळे थोडे अधू झालेत, एवढंच. तसं लिहिलं म्हणून एकादशीला देवापुढे नाक घासलं, आता तुझ्यापुढे.

पण ऐकवलेलं नाही. त्यांचं वय झालं, रडणं कानावर पडून काही कमीजास्त झालं तर काय करायचं?

आबांना ऐकवता येत नाही तर राहू दे, पण बाकी कोणी ऐकलं का, असं तू विचारलंस. ऐकलं. मला वहीत टिपून ठेवायची सवय आहे, ती तुला माहीतच आहे. दूध, किराणा जिथे लिहिते त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय, कोण काय म्हणालं ते.

गिरणीवाले: दळणाच्या वेळी लावायला बरं, पट्ट्याच्या ठोक्याशी जुळतं.

हर्षालीच्या कॉलेजातल्या मुली: चौथ्या गाण्यावर गॅदरिंगमध्ये नाचणार. प्राचार्य नाही म्हणाले. मग स्टँडची ओरड ऐकून हसले आणि हो म्हणाले.

आमचे हे: "दोन गाणी बरी हायेत." कोणती ते सांगत नाहीत. पण परवा मोटार चालू करायला जाताना आवणीचं गाणं गुणगुणत होते.

फडातले ढोलकीवाले जानकूभाऊ: यांना तुझी ढोलकी ऐकवायला मी हर्षालीला पाठवलं. त्यांनी तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "हा माझा त्वोडा हाय. ते पोरगं यंत्र घिऊन राहुटीत बसायचं, त्याला चहा आमीच पाजलेला. चाल मंद केलीय त्यानं, पर बिघडवली न्हाई." मग विचारलं की कर्णा वाजवणारा इकडे येईल का, चैत्रात आम्हाला लागेल.

मी: पहिलं गाणं लावलं की भाकऱ्या एका मापाच्या होतात. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं आहे.

तू पत्रात घातलेलं तुझ्याकडच्या मासिकाचं कात्रण हर्षालीने मला वाचून अर्थ सांगितला. त्या माणसाने लिहिलंय की हा मुलगा प्रत्येक गाण्यात दुसऱ्याच घरात शिरतो, याला स्वतःचं घर आहे की नाही. मला त्या माणसाचा राग आला. मलाच आश्चर्य वाटलं, कारण महिन्याभरापूर्वी मीही जवळपास तेच लिहिलं होतं.

आणखी एक. नारायणगावात आता इंटरनेटचं दुकान झालंय. ऐकणाऱ्या माणसांनी तुझ्या गाण्यांवर जिथे लिहिलंय ते हर्षालीने तिथे शोधलं आणि सत्तावीस जणांचं लिहिलेलं उतरवून आणलं. बरीच पोरंसोरं वाटतात, ठोक्याबद्दलच लिहितात. कोणी म्हणतं फार गर्दी केलीय, कोणी म्हणतं रात्रभर हेच लावलं. पण एका बाईने, कुठल्या देशातली ते कळलं नाही, सहाव्या गाण्याबद्दल लिहिलंय. हर्षालीने वाचलं ते जसंच्या तसं देते: या म्हाताऱ्या माणसाची भाषा मला येत नाही. तो काय मागतोय ठाऊक नाही. नाचता नाचता मी थांबले, बाहेर गेले आणि सहा वर्षांनी माझ्या वडिलांना फोन केला.

हर्षाली म्हणाली, "आई, आजोबांनी काय मागितलं गं?"

मी तिला म्हटलं, मला ठाऊक नाही. आणि हे मात्र खरं आहे. तुझी टेप जिथे खट् करून संपते, तिथपर्यंतच मलाही ठाऊक आहे.

प्रयागआक्का


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

डिंभे, वसाहत
१८ फेब्रुवारी २००३

गोकुळ,

हे आबांच्या घरून लिहिते. परवा माघी पौर्णिमा झाली. देव नव्या जागी बसला त्याला नऊ वर्षं झाली म्हणून वसाहतीत भंडारा होता. आम्ही सगळे आलो. आणि जे मी तीन महिने टाळत होते, ते लाऊडस्पीकरवरून झालं.

हर्षालीने कॅसेट पिशवीत टाकून आणली होती, मला न विचारता. सावळेरामकाका सकाळी घरी आले. भजनाची जुनी कॅसेट गुंतली होती, दुसरी एखादी आहे का म्हणून विचारत होते. हर्षाली नदीवर, मी चुलीपाशी. काकांनी कोनाड्यात कॅसेट बघितली. वर देवळाचं शिखर. नाव मराठीत. त्यांना वाटलं, आपल्याच देवाच्या भजनांची निघाली. कुणाला न विचारता घेऊन गेले आणि देवळातल्या यंत्रात घातली.

घंटा झाली.

गोकुळ, तू असायला हवा होतास. माणसं जिथे होती तिथे थांबली. पंगतीच्या पत्रावळी मांडणाऱ्या पोरी थांबल्या. सखूबाई पाण्याची कळशी घेऊन चढ चढत होती, तिने कळशी खाली ठेवली आणि चपला काढल्या, रस्त्यातच. मग घराघरातून माणसं निघाली आणि देवळाकडे चालू लागली. नऊ वर्षांत ती घंटा कोणी ऐकली नव्हती. माझ्याही पायात चप्पल नव्हती, केव्हा काढली ते आठवत नाही.

तेवढ्यात तुझं धप धप सुरू झालं. काकांना बंद करायचं बटण सापडेना. एक दाबलं तर आवाज वाढला. पोरं टाळ्या पिटून नाचायला लागली. काका मला बघून ओरडले, "प्रयागे, ह्ये कसलं भजन आनलंस गं?" मी पुढे होणार तर धोंडाबाई, आपली शेजारीण, पंचाहत्तरीची, तिने काकांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या सावळेरामभाऊ. ठोका सरळ हाय. पावली पडतीया." आणि खरंच तिने पदर खोचला आणि हरिपाठात टाकतात तशी पावली टाकायला लागली. दोन पावलं पुढे, एक मागे. तिच्या मागे चार बायका झाल्या, मग आठ. मला हे सांगता येत नाही नीट. पाप वाटलं नाही एवढं खरं.

आवणीच्या गाण्यात तर बायका स्वतःचे गळे ओळखायला लागल्या. "ही म्या. ही वारलेली भागू." भागूच्या सुनेला तिथेच रडू फुटलं, आणि पुन्हा लाव म्हणाली.

मी मनात गाणी मोजत होते. पाचवं संपत आलं तशी गर्दीतून वाट काढत देवळात धावले, पण पोचेपर्यंत सहावं लागलं होतं.

आबा खांबाला टेकून बसले होते. लाऊडस्पीकरवर त्यांचाच आवाज. "देवा, पानी येतंय. तुला आमी आमच्या हातानं उठवतोय, दुसऱ्या कुनाचा हात लावू दिला न्हाई. पुरुषानुपुरुष हितं बसलास. आमचं काय चुकलं असंल तर..." आणि मग ते रडणं. गर्दीतली माणसं एकेक करून वळली. कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी देवळाकडे पाठ केली आणि गुपचूप उभी राहिली. काकांनीसुद्धा. खाली तुझा ठोका एवढा हळू झाला होता की तो आहे हे पायालाच कळत होतं. मग खट् वाजलं आणि गाणं संपलं.

आबा खांबाचा आधार सोडून सरळ बसले. मग मला म्हणाले, "म्होरलं कुठंय?"

मी म्हटलं, "टेप तिथंच संपली आबा."

"साठ मिन्टांची आसंल," म्हणाले. आणि उठून पंगतीला जाऊन बसले. दोन वेळा भात घेतला.

मला रात्री झोप लागली नाही आणि आजही कशात लक्ष नाही. मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. त्यांना आधी, मग तुला.

प्रयाग


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

वारूळवाडी
६ मार्च २००३

गोकुळ,

त्या दिवशी सावळेरामकाकांना मीच सांगितलं.

पहिल्या पत्रात 'कसं कळलं कोण जाणे' असं लिहिलं ते खोटं होतं. त्या दिवशी तू माझ्या डाव्या हाताला उभा होतास. पिशवीच्या तोंडातून लाल दिवा दिसला. गाव पाण्यात चाललंय, देव उठतोय, त्यात याने असं केलं, देव कोपला तर नव्या जागी कोण टिकेल, असंच माझ्या मनात आलं. आबांचं रडणं चालू असतानाच मी मागे सरकले आणि काकांच्या कानाला लागले. म्हणून मला पुढचं गाऱ्हाणं ठाऊक नाही. आबा देवाशी बोलत होते तेव्हा मी तुझी चुगली करत होते.

मला वाटलं होतं, काका तुला बाजूला घेऊन दोन शब्द बोलतील. त्यांनी गावापुढे आणलं. आबांना सगळ्यांदेखत विचारलं. मग आबा म्हणाले, या दारात पाय ठेवू नकोस. तू माझ्याकडे बघितलंस, आक्का काहीतरी बोलेल म्हणून. मी पदराने नाक पुसत उभी राहिले. तुझ्या चार पत्रांना उत्तर दिलं नाही ते रागाने नाही. खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

हे सगळं मी आबांना गेल्या रविवारी सांगितलं. ते ओट्यावर हिरडा निवडत होते. हात थांबले नाहीत. म्हणाले, "म्हाईत हाय. सावळ्यानं त्याच दिवशी सांगितलं, तुझ्या लेकीनं बगितलं म्हनून."

मी म्हटलं, मग मला कधी बोललात का नाही?

"तू देवाच्या भीतीनं क्येलंस. म्या गावाच्या भीतीनं. माझंच जास्ती हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, एकही शब्द माझा घालत नाही. "त्या दिवशी सकाळी त्याच्या पिशवीत भाकर म्या बांधून ठिवली. तवाच यंत्र बगितलं. म्हनलं ऱ्हाऊ दे. गाव तर जातंच हाय, कुनाच्या तरी पिशवीत ऱ्हाऊ दे. गाऱ्हान्यात म्होरं मी त्येच मागितलं व्हतं. देवा, माझं पोरगं पिशवीत यंत्र घिऊन हुबं हाय, त्याच्यावर रोष धरू नको. त्याला हितलं काय न्यायचं त्ये न्हेऊ दे आन् ज्यानं न्हेलं त्याला माघारी आन. येवढं मागून वळलो आन् सावळ्या त्याचा हात धरून हुबा. सगळ्या गावाम्होरं मला त्वांड उघडावं लागलं. देवाला एक सांगितलं आन् पोराला दुसरं."

गोकुळ, नऊ वर्षं ते हे कुणाला बोलले नाहीत, कारण गाऱ्हाणं बाहेर सांगायचं नसतं. मी म्हटलं, आता सांगितलंत ते? तर म्हणाले, अर्धं लाऊडस्पीकरवर झालंच आहे, उरलेलं लपवून काय करू.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, एप्रिलच्या आत. मी विचारलं, "आबा, ते गाणं ठेवायचं का काढायचं?" त्यांनी विचारलं, तिकडे कोण कोण ऐकतं. मी वहीतलं मागचं पान वाचून दाखवलं, सगळं. डिझेल इंजिन ऐकून हसले. त्या परदेशी बाईचं दोनदा वाचायला लावलं. विचारलं, तिच्या बापाने फोन उचलला का. मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. म्हणाले, उचलला असणार.

मग म्हणाले, "काढू नको म्हनावं. पर अर्धं ठिवू नको."

त्यांच्या मनात असं आहे. वैशाखात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो, गाळातून चालत जाता येतं. तिथे उभं राहून ते उरलेलं गाऱ्हाणं पुन्हा म्हणणार आहेत. सावळेरामकाकांना विचारलं. काका आधी म्हणाले, असा रिवाज नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, रिवाज नाही पण मनाईही नाही. त्यांची एक अट आहे. घंटेचा आवाज ठोक्याशिवाय वेगळा काढून मंडळाला द्यायचा, काकड्याला लावायला. जाता जाता मला म्हणाले, "आन् धोंडाबाईला ठोक्यासकट बी एक दे म्हनावं. माजं डोकं खाती ती."

मी काही तुला ये म्हणत नाही, तो अधिकार मी घालवला आहे. आबा म्हणतायत. माझ्याशी बोललास तर बोल, नाही बोललास तरी तुझ्या वाटणीची भाकर थापलेली असेल. फक्त या वेळी काठावरून फोटो काढून परत जाऊ नकोस. सकाळची गाडी येईलच याचा नेम नाही, घोडेगावपर्यंत पोच, तिथे आमचे हे मोटारसायकल घेऊन थांबतील. वाटेत इंजिनाबद्दल काही बोलले तर मनावर घेऊ नकोस.

गाळात आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे पाठ फिरवून उभे राहू. मी तुझ्या उजव्या हाताला असेन, त्या दिवशी होते तशीच. या वेळी पिशवी उघडी ठेव.

आणि कॅसेट नव्वद मिनिटांची आण. आबांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

प्रयाग